नोंद आहे, पण शोधल्यावर सापडत नाही: बिलिंगच्या वेब सॉफ्टवेअरमधल्या शोध, फिल्टर आणि क्रमाच्या तक्रारी

सोलापुरात चादर-टॉवेलच्या धंद्यात बिलिंग आणि स्टॉकची जी वेब सॉफ्टवेअरं चालतात, त्यातली बरीच कुणीतरी एकट्याने लिहिलेली असतात. लिहिणारा पुण्याला नोकरीला लागतो आणि मग फोन माझ्यासारख्याकडे येतात. फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं: "मालक, पार्टीच गायब झालीय बघा."

पार्टी, म्हणजे गिऱ्हाईकाचं खातं, खरोखर पुसली गेल्याचं मी फार क्वचित पाहिलंय. नोंद जागच्या जागी असते. आपण विचारलेलं आणि आत साठवलेलं यांचा मेळ बसत नाही एवढंच. हा मेळ कुठे बिघडतो ते शोधायचा माझा क्रम खाली देतोय, फुकट उपायापासून खर्चिक उपायापर्यंत. पहिल्या दोन तपासण्या दुकानातलं कुणीही करू शकतं. तिसरीपासून पुढे कोड किंवा डेटाबेस उघडता येणारा माणूस लागेल.

लक्षणं

- पार्टीचं नाव टाकलं की "एकही नोंद सापडली नाही". शोधाचा चौकोन रिकामा करून यादी खाली सरकवत नेली की तीच पार्टी समोर.
- वर "एकूण १७ नोंदी" लिहिलेलं, खाली तक्ता कोरा.
- बिलं क्रमाने लावली की १, १०, १००, १०१, २, २० अशी लागतात.
- रकमेच्या मथळ्यावर क्लिक करून मोठ्यापासून लहान असा क्रम लावला, तरी सगळ्यात मोठं बिल चौथ्या पानावर निघालं.
- मार्चचा रिपोर्ट काढला, त्यात ३१ तारखेची बिलं नाहीत.
- "रद्द सोडून सगळी" आणि "फक्त रद्द" यांची बेरीज एकूण आकड्याला लागत नाही.
- एकच बिल पहिल्या पानावर आणि दुसऱ्यावरही. दुसरं एक बिल कुठेच नाही.
- शोध लागतो बरोबर, पण तोवर चहा पिऊन होतो.

सगळ्यात आधी: नवीन पार्टी उघडू नका

चाटी गल्लीतल्या एका दुकानात कऱ्हाडची एक पार्टी होती. नाव शोधलं, सापडलं नाही. गिऱ्हाईक समोर उभं, दिवाणजींनी "नवीन पार्टी" दाबून खातं उघडलं. दोन महिन्यांनी दुसऱ्या मुलाने मोबाइलवरून तेच केलं. वर्षाअखेरीला एकाच माणसाची तीन खाती. पैसे एका खात्यावर जमा, माल दुसऱ्यावर नावे, आणि तिसऱ्यात जुनी बाकी तशीच. मालकांनी वसुलीला फोन केला, तर समोरचा म्हणतोय मी पैसे कधीच दिलेत. दोघंही खरं बोलत होते.

सॉफ्टवेअरमधली चूक मला अर्ध्या दिवसात मिळाली. तीन खाती एक करायला दिवाणजींना आठवडा लागला. म्हणून नोंद सापडत नसेल तर कागदावर बिल लिहून द्या, पण खाली दिलेल्या पहिल्या दोन तपासण्या होईपर्यंत नवीन खातं उघडू नका.

१. मागचा फिल्टर अजून लागलेला आहे का?

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. माझे निम्मेअधिक फोन इथेच मिटतात.

बरीच सॉफ्टवेअरं शेवटचा फिल्टर लक्षात ठेवतात. सकाळी कुणी "गोदाम: चिंचोळी" निवडून स्टॉक बघितला, दुपारी दुसरा माणूस त्याच लॉगिनवर अक्कलकोट रोडच्या गोदामातला माल शोधतोय. फिल्टरची पट्टी मिटलेली असते, त्यामुळे दिसत काहीच नाही. आर्थिक वर्षाचंही तेच. एप्रिल उजाडला की वर्ष आपोआप बदलतं आणि मार्चची बिलं "गायब" होतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी फोन उचलतानाच विचारतो, "वरच्या कोपऱ्यात वर्ष कुठलं दिसतंय?"

आता हे करा: सगळे फिल्टर काढा, लॉगआउट होऊन पुन्हा आत या, आणि तोच शोध मालकांच्या लॉगिनवरून करून बघा. मालकांना नोंद दिसली आणि ऑपरेटरला नाही, तर शोध ठीक आहे, प्रश्न परवानगीचा आहे. हे आधी कळलं तर पुढचे दोन तास वाचतात.

याच जोडीला ब्राउझरच्या वरची, वेबपत्त्याची पट्टी बघा. तुम्ही यादीच्या सातव्या पानावर होता, तिथूनच नाव शोधलं. निकाल दोनच पानांचा, पण सॉफ्टवेअर अजून सातवं पान मागतंय. वर "एकूण १७" आणि खाली कोरा तक्ता दिसतो तो यामुळेच. पत्त्यात पान ७ असेल तर १ करून एंटर दाबा. नोंदी आल्या तर रोग कळला. कोड लिहिणाऱ्यासाठी उपाय एका ओळीचा आहे: शोधाचा शब्द, फिल्टर किंवा क्रम बदलला की पान एकवर आणायचं. इतकी साधी गोष्ट, पण मी बघितलेल्या चारपाच सॉफ्टवेअरांत राहून गेलेली होती.

२. कमी टाकून शोधा, आणि नाव सोडून दुसऱ्या गोष्टीने शोधा

पूर्ण नाव टाकू नका. "श्री अंबिका टेक्स्टाईल्स" ऐवजी नुसतं "बिका" टाका. नावात जितकी अक्षरं जास्त तितक्या चुकायच्या जागा जास्त. टेक्स्टाईल, टेक्सटाइल, टेक्स्टाईल्स ही सगळी रूपं एकाच यादीत मी पाहिलीत.

त्यानंतर मोबाइलचे शेवटचे चार आकडे टाकून बघा, नाहीतर जीएसटी क्रमांकाचा तुकडा. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्राचा २७, कर्नाटकाचा २९, तेलंगणाचा ३६. विजापूर, कलबुर्गी, हैदराबादकडची पार्टी शोधताना हे आकडे फार उपयोगी पडतात, कारण तिकडच्या नावांचं मराठी लेखन प्रत्येकाचं वेगळं.

ही तपासणी एवढ्यासाठी महत्त्वाची की ती प्रश्नाचे दोन तुकडे करते. मोबाइलने नोंद सापडली आणि नावाने सापडली नाही, तर नोंद शाबूत आहे आणि भानगड अक्षरांत आहे. मोबाइलनेही सापडली नाही, तर फिल्टर, परवानगी किंवा खालच्या पाचव्या-सहाव्या मुद्द्याकडे जा.

अजून एक बघा: नाव व्हॉट्सॲपवरून कॉपी करून चिकटवलंय का? आधी-मागे एखादी रिकामी जागा चिकटून येते. कधीकधी ती साधी स्पेस नसून "न तुटणारी स्पेस" असते. दिसायला सारखीच, संगणकाच्या लेखी वेगळं अक्षर. तेच नाव हाताने टाइप केल्यावर सापडलं तर कारण मिळालं. उलटंही होतं: नोंद करतानाच मागे स्पेस राहिलेली असते. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये जुन्या कोलेशनला (अक्षरं कशी ताडायची आणि क्रमाने लावायची त्याचे नियम) शब्दामागची स्पेस चालून जायची. आठव्या आवृत्तीपासून जे कोलेशन मूळ म्हणून येतं, त्याला ती चालत नाही. म्हणजे सर्व्हर अपग्रेड झाल्यावर "कालपर्यंत सापडत होतं" ही तक्रार आली, तर आधी मागच्या स्पेस शोधा.

३. मराठी अक्षरं दिसतात एक, असतात वेगळी

सगळ्यात जास्त डोकं इथे जातं, आणि इंग्रजीतून शिकून आलेल्या पोरांना ते माहीतच नसतं. म्हणून जरा सविस्तर.

त्या कऱ्हाडच्या पार्टीकडे परत येऊ. दुकानात बसून मी तिन्ही खात्यांतलं गावाचं नाव एक्सेलमध्ये एकाखाली एक चिकटवलं. स्क्रीनवर तिन्ही ओळी हुबेहूब. दिवाणजी म्हणाले, "एकच तर आहे की साहेब." शेजारच्या रकान्यात लांबी मोजणारं लेन सूत्र लावलं. पहिल्या ओळीसमोर ६ आलं, दुसऱ्या दोन्हींसमोर ७. दिवाणजी चष्मा काढून स्क्रीनजवळ आले.

झालं होतं असं. अर्धा ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षराला जो ठरावीक क्रमांक देतो त्या पद्धतीत, निदान तीन प्रकारे लिहिता येतो. एक, स्वतंत्र ऱ हे अक्षर, ज्याचा क्रमांक ०९३१, आणि पुढे हलंत. दुसरा, साधा र, त्याखाली नुक्ता (खालचं टिंब), मग हलंत. तिसरा, साधा र, हलंत आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह. कुठल्या कीबोर्डवरून काय पडेल ते त्या कीबोर्डवर. ऑफिसच्या संगणकावर इनस्क्रिप्ट, मुलाच्या मोबाइलवर उच्चारानुसार टाइप करायचा कीबोर्ड, आणि तिसरं नाव जुन्या फाइलमधून आलेलं. दिसतात तिन्ही सारखे, पण डेटाबेस अक्षरांचे क्रमांक ताडून बघतो, त्याला आकार दिसत नाही.

हाच प्रकार ॲ चा. एक स्वतंत्र ॲ आहे, क्रमांक ०९७२, तो युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीचे लोक अ ला चंद्र जोडून काम भागवायचे, आणि मध्ये ते अदृश्य जोडचिन्ह टाकायचे. ॲडव्होकेट, ॲग्रो, ॲटो असली नावं सापडत नसतील तर पहिला संशय इथे घ्या.

याशिवाय नेहमीचे यशस्वी कलाकार: सोलापूर आणि सोलापुर, अंबिका आणि अम्बिका, विसर्गाच्या जागी कोलन, मराठी आकड्यांऐवजी इंग्रजी आकडे. आपल्याकडे भर पडते ती भाषांची. पूर्व भागात तेलुगू घरं, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. येमुल, यमूल, येमूल अशी एकाच घरातली आडनावं तीन बिलांवर तीन तऱ्हेने पडतात आणि त्यातलं चूक कुठलंच नाही. वर कुणीतरी सुरुवातीची दोनशे नावं इंग्रजीतच भरलेली असतात.

उपाय असा. मूळ नावाला हात लावायचा नाही, ते बिलावर छापलं जातं. शेजारी एक वेगळा रकाना करायचा, मी त्याला "शोधनाव" म्हणतो. नोंद जतन करताना मूळ नावावर ठरावीक संस्कार करून ते तिथे ठेवायचं, आणि शोधाच्या चौकोनात टाकलेल्या शब्दावरही तेच संस्कार करून मग ताडायचं. दोन्हीकडे एकच फंक्शन वापरा. जतन करताना एक आणि शोधताना दुसरं वापरलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

संस्कारांचा क्रम पाळावा लागतो:

पहिल्यांदा युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरावीक रूपात आणणं. याने नुक्तावाला ऱ मूळ ऱ मध्ये बदलतो. अदृश्य जोडचिन्हावाला बदलत नाही. पुष्कळांना वाटतं एनएफसी केलं की झालं, आणि तिथेच फसतात. म्हणून दुसऱ्या पायरीला "र, हलंत, जोडचिन्ह" हे त्रिकूट शोधून त्याजागी "ऱ, हलंत" घालायचं, आणि अ-चंद्राच्या जागी ॲ. हे झाल्यावरच उरलेली अदृश्य चिन्हं काढून टाकायची. ती आधीच काढली तर अर्ध्या ऱ चा रफार होतो आणि कऱ्हाडचं भलतंच काहीतरी बनतं. ही चूक मी स्वतः केलीय, चालू डेटावर. शोधनावाचा रकाना वेगळा होता म्हणून वाचलो.

पुढे ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या आणि उकार एकसारखे करा, ङ्, ञ्, ण्, न्, म् पुढे त्याच वर्गातलं व्यंजन असेल तर अनुस्वार करा, आकडे एका लिपीत आणा, दोन स्पेसची एक करा. शुद्धलेखनाच्या दृष्टीने हे भयंकर दिसतं, पण तो रकाना कुणी वाचणार नाहीये.

आडनावांच्या तेलुगू-मराठी रूपांना मात्र यातलं काही पुरत नाही. तिथे मी सरळ पार्टीच्या खात्यात "इतर नावं" असा रकाना देतो आणि दिवाणजींना सांगतो, लोक ज्या नावाने हाक मारतात ते सगळं इथे टाका. "टॉवेलवाले अण्णा" असंसुद्धा. त्यांनी तसं टाकलंय आणि तसंच शोधतात.

डेटा फार जुना असेल तर एक शक्यता वेगळीच. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधून आणलेला मजकूर आत रोमन अक्षरं आणि चिन्हांचा असतो, फॉन्टमुळे मराठी दिसतो. फॉन्ट बदलून बघा. गिचमिड दिसली तर शोध दुरुस्त करून उपयोग नाही, आधी डेटा युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल.

४. क्रम चुकतोय

१, १०, १००, २ असा क्रम म्हणजे आकडा मजकूर म्हणून साठवलाय. शब्दकोशात जसं पहिलं अक्षर आधी बघतात, तसं संगणक पहिला आकडा बघतो. बिल क्रमांकात "सो/२३-२४/९" असं काही असतं म्हणून तो मजकूरच ठेवावा लागतो, ते कबूल. पण मग शेवटचा आकडा वेगळ्या पूर्णांकाच्या रकान्यात ठेवा आणि क्रम त्यावर लावा.

टॉवेलच्या मापांचंही असंच होतं. "३० बाय ६०" आणि "९ बाय ९" मजकूर म्हणून लावले तर छोटा नॅपकिन मोठ्या टॉवेलच्या खाली जातो. लांबी आणि रुंदी दोन रकाने करा, मग "६० इंचांच्या वरचे सगळे" असा फिल्टरही लावता येतो, जो मजकुरावर कधीच धड लागत नाही. तारीख मजकूर असेल तर ०५/११ ही ०६/०४ च्या आधी येते. तारीख तारखेच्याच प्रकारात ठेवा, यावर चर्चा नको.

क्रम पहिल्या पानापुरताच लागत असेल तर तो ब्राउझरमध्ये लागतोय. सर्व्हरने पन्नास नोंदी पाठवल्या, ब्राउझरने त्या पन्नासांची उलथापालथ केली. उरलेल्या हजारांचा त्याला पत्ता नाही. क्रम सर्व्हरकडून लावून घ्यायला हवा. ओळखायची खूण सोपी: मथळ्यावर क्लिक केल्यावर पान क्षणभरही थांबलं नाही, तर काम ब्राउझरने केलं.

मराठी नावांच्या क्रमाची तक्रार जरा नाजूक. अक्षरांच्या युनिकोड क्रमांकाने लावलं तर ळ हा ल च्या लगेच मागे बसतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. आणि ०९७२ क्रमांकाचा ॲ सगळ्या व्यंजनांच्याही खाली, यादीच्या तळाला. एका वकिलांच्या यादीत सगळे "ॲड." शेवटच्या पानावर गेले होते. योग्य कोलेशन निवडून यातलं बरंच सुटतं. धंद्याच्या यादीत ळ साठी मी फार जीव काढत नाही, ॲ साठी काढतो.

५. ३१ मार्चची बिलं कुठे गेली?

"१ मार्च ते ३१ मार्च" असा फिल्टर लावला आणि रकान्यात तारखेसोबत वेळही साठवलेली असेल, तर डेटाबेस ३१ मार्चचा अर्थ ३१ मार्च रात्री बारा, म्हणजे तो दिवस सुरू होण्याचा क्षण असा लावतो. त्यानंतरची दिवसभराची बिलं बाहेर. इतर महिन्यांत शेवटच्या दिवसाची दोनचार बिलं गेलेली कुणाच्या लक्षात येत नाहीत. मार्चअखेरीला त्याच एका दिवसात चाळीस बिलं फाटतात, तेव्हा बोंब होते.

तपासायला सोपं: "३१ मार्च ते ३१ मार्च" असा एकाच दिवसाचा रिपोर्ट काढा. शून्य आला तर हेच कारण. दुरुस्ती: "३१ मार्चपर्यंत" असं विचारू नका, "१ एप्रिलच्या आधी" असं विचारा. शेवटी २३:५९:५९ चिकटवायचा जुगाड मला आवडत नाही, सेकंदाचे अपूर्णांक साठवले की तोही गळतो.

दुसरं कारण घड्याळाचं. सर्व्हर बहुतेक वेळा जागतिक वेळेवर चालतो, आपण साडेपाच तास पुढे. रात्रपाळीत पहाटे दोनला नोंदवलेलं उत्पादन सर्व्हरच्या लेखी आदल्या दिवशी रात्री साडेआठचं. कारखान्यात दिवसाचं उत्पादन जुळत नाही आणि आदल्या-पुढच्या दिवसाची बेरीज केली की जुळतं, असं झालं तर पहाटे साडेपाचच्या आधीच्या नोंदी बघा.

६. अटी आतल्या आत भांडतायत

"रद्द सोडून सगळी" यात बिलं कमी येतात, याचं कारण जवळपास नेहमी नल असतं. स्थितीचा रकाना सॉफ्टवेअरमध्ये नंतर आला, जुन्या बिलांत तो भरलेलाच नाही. नल म्हणजे "माहीत नाही". माहीत नसलेली स्थिती "रद्द" हून वेगळी आहे का, असं विचारलं तर डेटाबेस पुन्हा "माहीत नाही" म्हणतो, आणि ज्या ओळीचं उत्तर ठाम "हो" नाही ती निकालात येत नाही. जुन्या ओळींत "चालू" भरून घ्या, किंवा अटीत नलचा वेगळा उल्लेख करा. क्रमातही नल त्रास देतो: चढत्या क्रमात पोस्टग्रेस हा डेटाबेस त्याला शेवटी ठेवतो, मायएसक्यूएल सुरुवातीला.

"सोलापूर किंवा बार्शी, आणि बाकी ५०,००० च्या वर" असं विचारल्यावर सोलापूरच्या शून्य बाकीच्या पार्ट्याही आल्या, तर कंस राहिलाय. "आणि" हा "किंवा"च्या आधी जोडला जातो, त्यामुळे बाकीची अट फक्त बार्शीला लागली.

७. एक बिल दोन पानांवर

क्रम तारखेवर, आणि एका तारखेला चाळीस बिलं. त्या चाळिसांत आधी कोण, हे सांगितलेलं नाही, मग डेटाबेस प्रत्येक वेळी वेगळं ठरवू शकतो. पान एक आणि पान दोन हे दोन वेगळे प्रश्न असतात, म्हणून एखादं बिल दोन्हीकडे येतं आणि एखादं कुठेच नाही. तारखेच्या मागे नोंदीचा अद्वितीय क्रमांक दुसरा निकष म्हणून लावा. पाच मिनिटांचं काम.

८. शोध हळू चालतोय

हे शेवटी ठेवलंय, कारण इथे हात घालताना डेटाबेस कळावा लागतो. "नावात कुठेही हे अक्षर" असा शोध साध्या इंडेक्सचा (पुस्तकाच्या मागच्या सूचीसारखी, नोंद पटकन सापडावी म्हणून डेटाबेसने ठेवलेली यादी) उपयोग करू शकत नाही, प्रत्येक ओळ वाचावी लागते. "नावाची सुरुवात या अक्षराने" असा शोध करू शकतो. पाचसात हजार पार्ट्यांना काही फरक पडत नाही. बिलांच्या लाखो ओळींवर पडतो. आधी एक्सप्लेन ही डेटाबेसची आज्ञा चालवून डेटाबेस किती ओळी वाचतोय ते बघा, मग ठरवा. उगाच प्रत्येक रकान्यावर इंडेक्स टाकू नका, नवीन नोंद टाकताना ते सगळे सांभाळावे लागतात. पोस्टग्रेसवर असाल तर पीजी-ट्रायग्राम हे एक्स्टेन्शन मधल्या अक्षरांच्या शोधालाही इंडेक्स देतं. रकान्यावर फंक्शन लावून ताडताय का तेही बघा, त्यानेही साधा इंडेक्स बाजूला पडतो. वरचं शोधनाव आधीच तयार करून ठेवायचं हेही एक कारण.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

शोधाच्या चौकोनात नुसतं एक अवतरणचिन्ह टाकलं आणि डेटाबेसची एरर स्क्रीनवर आली, तर पुढे काही करू नका. याचा अर्थ टाइप केलेला मजकूर थेट डेटाबेसच्या आज्ञेत मिसळतोय. ज्याला जमतं तो याच चौकोनातून तुमच्या सगळ्या खात्यांची यादी काढू शकतो, पुसूही शकतो. ते सॉफ्टवेअर दुरुस्त होईपर्यंत इंटरनेटवरून बंद ठेवलेलं बरं.

नावांच्या जागी ???? दिसतंय, तर नवीन नोंदी तत्काळ थांबवा. प्रश्नचिन्ह तसंच साठवलं गेलं असेल तर मूळ अक्षर गेलं, ते फक्त बॅकअपमधून येईल. टोप्या-टिंबं असलेली परदेशी अक्षरं दिसत असतील तर बरेचदा परत मिळवता येतं, पण घरच्या घरी बदलायला जाऊ नका, दोनदा उलटसुलट झालं की सोडवणं फार अवघड.

शोधात दुसऱ्या फर्मच्या पार्ट्या दिसल्या तर फोटो काढा, लॉगआउट व्हा, फोन करा.

दुरुस्तीसाठी चालू डेटाबेसमध्ये एकदम हजारो ओळी बदलायच्या असतील आणि बॅकअप परत लावून बघितलेला नसेल, तेव्हाही थांबा. बॅकअप "घेतलेला आहे" एवढं पुरत नाही, तो दुसऱ्या संगणकावर उघडून बघितला पाहिजे. आणि महिन्याच्या ९-१० तारखेला असलं काम काढू नका. ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, भरायचं असतं, आणि त्या दोन दिवसांत दिवाणजींच्या वाटेला जाऊ नये.

फोन करताना एवढं तयार ठेवा: नेमका कुठला शब्द टाकला तो (फोटोसोबत कॉपी करूनही पाठवा, नाहीतर ऱ चा प्रकार कळत नाही), पत्त्याची पूर्ण ओळ, कुणाचं लॉगिन, किती वाजता, आणि जी नोंद यायला हवी होती तिचा बिल क्रमांक. पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नका. मी मागत नाही, आणि जो मागेल त्याला एकदा घरी चहाला बोलवून समोरासमोर टाइप करून द्या.